दुपारी बंद पडणारा संगणक: नवा संच घेण्याआधी काय तपासावे

ताई, तुम्ही लिहिले आहे की चोपडा तालुक्यातील गावात तुमचे सेवा केंद्र आहे आणि सातबारा उतारे, दाखले, पीक विम्याचे अर्ज व झेरॉक्स अशी कामे तिथे चालतात. संगणक सहा-सात वर्षांचा असून त्यात ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क आहे. एप्रिलपासून तो दुपारी बारानंतर अचानक बंद पडतो, एरवीही फार हळू चालतो, कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात आणि प्रिंटरच्या छपाईत पांढऱ्या रेघा येतात. दुरुस्तीला आलेल्या माणसाने मदरबोर्ड गेल्याचे सांगून नवा संच घ्यायला सुचवले आहे, आणि खरिपाची गर्दी सुरू होण्याआधी तुम्हाला निर्णय घ्यायचा आहे.

मी जळगावात संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करतो आणि माझ्याकडे येणारी बरीचशी यंत्रे सेवा केंद्रांतून, पतसंस्थांतून, शाळांच्या कार्यालयांतून आणि जिनिंगच्या हिशेबखोलीतून येतात. त्या अनुभवावरून सांगतो की तुम्ही प्रश्न एकच विचारला असला तरी त्यात निदान तीन वेगवेगळे बिघाड मिसळलेले आहेत. अचानक बंद पडणे हा बहुधा विजेचा किंवा उष्णतेचा प्रश्न असतो, सतत हळू चालणे हा हार्ड डिस्क आणि रॅमचा असतो, आणि झिणझिण्या हा अर्थिंगचा प्रश्न असतो. यंत्र माझ्यासमोर नसल्यामुळे मदरबोर्ड बिघडलाच नसेल असे मी म्हणणार नाही. परंतु संगणकात जे भाग फिरतात, जे सतत तापतात आणि ज्यांच्यात रसायन असते ते आधी झिजतात; म्हणजे पंखे, हार्ड डिस्क, एसएमपीएस (कॅबिनेटमधील सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) आणि यूपीएसची (वीज गेल्यावर संगणक काही मिनिटे चालू ठेवणाऱ्या यंत्राची) बॅटरी. प्रोसेसर आणि मदरबोर्ड त्या मानाने फार उशिरा जातात. म्हणून दोष शोधताना मी आधी स्वस्त आणि झिजणाऱ्या भागांपासून सुरुवात करतो आणि मदरबोर्डचे नाव सर्वांत शेवटी घेतो.

पहिली तपासणी तुम्ही आजच, कोणालाही न बोलावता करू शकता. सर्व काम सेव्ह करून सगळ्या खिडक्या बंद करा, संगणक चालू ठेवा आणि यूपीएसची पिन भिंतीवरच्या बोर्डातून काढा. यूपीएस ठीक असेल तर संगणक काही मिनिटे चालू राहील. तो त्याच क्षणी बंद पडला तर बॅटरी किंवा यूपीएस निकामी आहे, आणि तुमच्या दुपारच्या तक्रारीचे मूळ कदाचित तिथेच आहे. लहान यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवर क्षमतेची शिसे-आम्लाची बॅटरी असते. ती थंड जागेत दोन-तीन वर्षे टिकते, पण अशा बॅटरीचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांमागे साधारण निम्मे होते, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती लवकर संपते. बॅटरी संपलेला यूपीएस बाहेरून अगदी व्यवस्थित दिसतो, हिरवा दिवाही लागलेला असतो, म्हणून सहसा कोणी त्याच्याकडे संशयाने पाहत नाही.

यूपीएस ठीक निघाला, तर बंद पडण्याची वेळ आणि रीत नीट पाहावी लागते. आठवडाभर एका कागदावर लिहून ठेवा: किती वाजता बंद पडला, त्या वेळी कोणते काम चालू होते, गावात थ्री-फेज लाइट नुकतीच आली होती का, शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली का, आणि बंद पडल्यावर लगेच पुन्हा चालू केला तर किती वेळ चालला. केळीच्या पट्ट्यात एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) पाण्याच्या बऱ्याच मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज खाली बसते. चांगला एसएमपीएस पूर्ण भार असतानाही वीज तुटल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद स्वतःच्या साठ्यावर तग धरतो; आपल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, हे लक्षात घेतले तर हा अवधी किती तुटपुंजा आहे ते कळेल. एसएमपीएसमधील कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) वयाने आणि उष्णतेने सुकले की तेवढाही तग राहत नाही. म्हणून मोटारी सुरू होण्याच्या वेळेला संगणक बंद पडत असेल तर संशय विजेवर आणि एसएमपीएसवर घ्यावा. उलट, बंद पडल्यावर लगेच चालू होतो पण चार-पाच मिनिटांत पुन्हा जातो, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर आपोआप सुधारतो, अशी नोंद झाली तर उष्णतेकडे वळावे. निळा पडदा येऊन इंग्रजी मजकूर दिसत असेल तर मात्र रॅम, डिस्क किंवा ड्रायव्हर हा वेगळा शोध आहे.

तुमचे वर्णन वाचून माझा पहिला अंदाज उष्णतेचा आहे, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण खानदेशात हा भाग सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. प्रोसेसर थंड करणारा पंखा खोलीतलीच हवा वापरतो, त्यामुळे तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. खोली २७ अंशांवरून ४२ अंशांवर गेली की तेच काम करताना प्रोसेसरचे तापमानही साधारण तेवढ्याच, म्हणजे १५ अंशांनी वर जाते. हिवाळ्यात ७५ अंशांवर निभावणारा प्रोसेसर मे महिन्यात ९० अंशांवर पोहोचतो, आणि त्यात धूळ साचलेली असेल तर १०० अंश गाठतो. बहुतेक प्रोसेसर त्या सुमारास आधी स्वतःचा वेग कमी करतात आणि तरीही तापमान वाढत राहिले तर जळण्यापासून वाचण्यासाठी यंत्र बंद करतात. म्हणजे असे बंद पडणे हे बिघाडाचे लक्षण कमी आणि संरक्षणाचे जास्त असते. जळगाव-भुसावळ भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा दिवसांत पत्र्याखालच्या दुकानात, टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेल्या कॅबिनेटची स्थिती काय होत असेल याची कल्पना करा.

आता कॅबिनेट उघडल्यावर काय पाहायचे ते सांगतो. वीज पूर्ण बंद करून सगळ्या वायरी काढा, बाजूचा पत्रा उघडा, आणि आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करा, कारण कोरड्या हवेत अंगावर साठलेला स्थिर विद्युतभार रॅम किंवा बोर्ड खराब करू शकतो. प्रोसेसरवरचा पंखा वरून पाहिला तर अनेकदा स्वच्छ दिसतो, आणि त्यामुळेच फसगत होते. पंखा हीट सिंकपासून (प्रोसेसरची उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्यापासून) सोडवून उचला. ज्या गावात कापसाची आवक असते तिथल्या यंत्रात पंख्याच्या बरोबर खाली, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर, धूळ आणि कापसाचे तंतू एकमेकांत गुंतून गोधडीसारखा करडा थर बसलेला सापडतो. तो बोटाने उचलला तर अखंड निघतो. पंखा कितीही वेगाने फिरला तरी त्या थरातून हवा पट्ट्यांपर्यंत पोहोचतच नाही. तो काढून ब्लोअरने सफाई करावी, ती दुकानाबाहेर अंगणात करावी, आणि हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण जोरात उलटसुलट फिरून बेअरिंग खराब होते.

सफाईच्या वेळीच हीट सिंक हलकेच हलवून पाहा. इंटेलच्या प्रोसेसरबरोबर येणारा हीट सिंक प्लास्टिकच्या चार खुंट्यांवर बसतो. उष्णतेने किंवा अर्धवट बसवल्याने त्यातली एखादी खुंटी सुटलेली असते आणि एका बाजूला केसाएवढी फट राहते. तेवढी फटही पुरेशी घातक आहे. हीट सिंक काढलाच तर जुनी, सुकून भुरभुरीत झालेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीट सिंकपर्यंत नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पूर्ण पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावावी. खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत, एकाआड एक दाबाव्यात आणि प्रत्येकीचा ‘टक’ असा आवाज ऐकावा. हे काम स्वतः करण्याचा आत्मविश्वास नसेल तर कारागिराकडून करून घ्या, पण समोर उभे राहून करून घ्या. त्यानंतर संगणक चालू करून बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) प्रोसेसरचे तापमान पाहा. काही काम चालू नसताना ते खोलीपेक्षा १०-२० अंशांनी जास्त असणे ठीक आहे. तिथेच ७०-८० अंश दिसले तर हीट सिंक अजून नीट बसलेला नाही.

जागेचाही विचार करा. कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यातून बाहेर काढा, मागच्या बाजूला भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा आणि ते जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. धाब्याच्या घरातील खोली मिळत असेल तर पत्र्याखालच्या गाळ्यापेक्षा ती यंत्रासाठी पुष्कळ चांगली. पाण्याचा कूलर कोरड्या हवेत खोली चांगली थंड करतो आणि त्याचा संगणकाला फायदाच होतो, मात्र त्याचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचे तुषार आत जाऊन बोर्डावर क्षार बसतात आणि जोडण्या गंजतात. कूलरची हवा माणसांकडे असावी आणि संगणक त्याच्या बाजूला असावा.

एसएमपीएसबद्दल एक गैरसमज दूर करतो. ग्राफिक्स कार्ड नसलेला कार्यालयीन संगणक बहुतेक वेळ १०० वॅटपेक्षा कमीच वीज घेतो, त्यामुळे तुम्हाला मोठ्या आकड्याच्या एसएमपीएसची गरज नाही. खऱ्या आकड्याच्या एसएमपीएसची गरज आहे. स्वस्त मालावर ठळक अक्षरांत ४५० वॅट छापलेले असते, पण बाजूच्या लहान तक्त्यात १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा आणि त्याला १२ ने गुणा. तिथे १० अँपिअर असतील तर प्रत्यक्ष उपयोगाची वीज १२० वॅटच आहे. ‘८० प्लस’ चिन्ह असलेला एसएमपीएस घ्यावा, कारण तो किमान ८० टक्के वीज उपयोगात आणतो आणि म्हणून आत कमी उष्णता निर्माण करतो. कारागिराकडे मल्टिमीटर असेल तर संगणक कामात असताना पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान आकडा यायला हवा. त्याखाली गेला तर एसएमपीएस बदलावा. तो उघडून दुरुस्त करण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. त्यातील मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि पिन काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

झिणझिण्यांची तक्रार तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे, पण ती मला सर्वांत गंभीर वाटते. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतील खरखर गाळण्यासाठी लहान कपॅसिटर असतात आणि ते धातूच्या कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटवर पुरवठ्याच्या निम्मा, म्हणजे २३० व्होल्टपैकी साधारण ११५ व्होल्ट दाब येतो. प्रवाह अगदी थोडा असल्याने नुसत्या झिणझिण्या येतात, पण एसएमपीएसमध्ये खरा दोष निर्माण झाला तर तीच जागा जिवावर बेतू शकते, आणि तुमच्या टेबलापाशी लहान मुले व वयस्कर माणसे उभी असतात. शिवाय प्रिंटर एका बोर्डवर आणि संगणक दुसऱ्या बोर्डवर असेल तर हा दाब यूएसबी वायरीतून वाट काढतो. पोर्ट जळण्याचे आणि अंगठ्याचे यंत्र मध्येच अडकण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज मोजायला सांगा. ते दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नसावे. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, म्हणून मीठ-कोळशाचा खड्डा असला तरी त्यात उन्हाळाभर नियमित पाणी ओतावे लागते. कोणी अर्थच्या पिनेला न्यूट्रल जोडून देतो म्हणाला तर स्पष्ट नकार द्या, कारण न्यूट्रल तुटल्यास पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर येतात.

इथवर जे सांगितले त्यात बॅटरी, सफाई, पेस्ट, एसएमपीएस आणि अर्थिंग एवढाच खर्च आहे, आणि तो सगळा मिळूनही नव्या संचाच्या किमतीच्या जवळ जात नाही. अर्थिंग आणि यूपीएस तर नवा संगणक घेतला तरी करावेच लागतील, नाहीतर नव्या यंत्राचीही हीच गत होईल.

आता हळू चालण्याविषयी. सकाळी आठ वाजता, खोली थंड असताना, संगणक सुरू व्हायला आणि ब्राउझर उघडायला किती वेळ लागतो ते पाहा. सकाळी चपळ आणि दुपारी मंद असेल तर तो उष्णतेचाच परिणाम आहे. सकाळीही तितकाच मंद असेल तर कारण बहुधा हार्ड डिस्क आहे. हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर सुई नेऊन माहिती शोधावी लागते आणि प्रत्येक शोधाला साधारण दहा मिलिसेकंद जातात. एसएसडीला (फिरता भाग नसलेल्या डिस्कला) त्याच कामाला त्याच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास वेळ लागतो. विंडोज सुरू होताना असे हजारो लहान शोध लागतात, म्हणून जुन्या संगणकात एसएसडी बसवल्यावर जेवढा फरक जाणवतो तेवढा दुसऱ्या कोणत्याही एका बदलाने जाणवत नाही. २५६ जीबीची साटा एसएसडी तुमच्या कामाला पुरेशी आहे आणि ती जुन्याच वायरींना जोडता येते. जुनी हार्ड डिस्क लगेच टाकून देऊ नका. पण ती वारंवार अचानक बंद पडण्याचे धक्के खाऊन बसलेली आहे, म्हणून कोणतेही काम सुरू करण्याआधी तिच्यातील सगळी कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्या.

रॅम ४ वरून ८ जीबी करावी का, हे आधी टास्क मॅनेजरमध्ये पाहून ठरवावे. नेहमीची संकेतस्थळे उघडी असताना मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर वाढवावी. डीडीआर३ आणि डीडीआर४ या पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते आणि एक दुसरीच्या जागी बसत नाही, त्यामुळे पट्टी काढून तिच्यावरचा प्रकार वाचूनच खरेदी करावी.

दुरुस्ती करायची की नवा घ्यायचा, याचे उत्तर मात्र तुम्ही न लिहिलेल्या एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे प्रोसेसरची पिढी. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित सुरक्षा अद्ययावतन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, टीपीएम २.० (यंत्रातील सुरक्षेची सोय) आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. तुमच्या यंत्रावर लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेची माहिती रोज उघडली जाते, त्यामुळे ही बाब मी गौण मानत नाही. प्रोसेसरचे नाव ‘आय३-८१००’ असे असेल तर रेघेनंतरचा पहिला आकडा ८ आहे, म्हणजे आठवी पिढी. असे असेल तर यंत्र नि:शंकपणे दुरुस्त करा; टीपीएम अनेकदा बायोसमध्ये फक्त बंद करून ठेवलेले असते आणि ते चालू करता येते. तिथे ६ किंवा ७ असेल, किंवा चारच आकड्यांत सुरुवात ४ ने होत असेल, तर फक्त अशाच वस्तूंवर पैसे घाला ज्या पुढच्या यंत्रात नेता येतील: एसएसडी, यूपीएस, मॉनिटर, कीबोर्ड. जुन्या पिढीची रॅम किंवा वापरलेला मदरबोर्ड घेऊ नका. हा हंगाम सफाई करून निभावून न्या आणि गर्दी ओसरल्यावर नवा संच घ्या.

संगणक चालू केल्यावर तारीख मागची दिसते का, तेही पाहा. तशी दिसत असेल तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची गोल बॅटरी संपली आहे. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि अनेक ठिकाणी नेट किंवा सर्व्हरला दोष देत दिवस वाया जातो. ही बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते.

प्रिंटरच्या पांढऱ्या रेघा म्हणजे शाईची सूक्ष्म छिद्रे सुकली आहेत. हेड क्लीनिंग एक-दोनदा करून काही तास थांबा. पुन्हापुन्हा केल्याने शाई वाया जाते आणि वाया गेलेली शाई शोषणारा पॅड भरतो. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी एक रंगीत पान काढत राहावे. तुमचे बहुतेक काम काळ्या मजकुराचे असेल तर पुढचा प्रिंटर काळा-पांढरा लेझर घ्यावा, कारण टोनर ही भुकटी असल्याने ती सुकत नाही. पावसाळ्यात कागद ओल धरून आत अडकतो, म्हणून रीम उघडल्यावर उरलेला कागद त्याच वेष्टनात गुंडाळून ठेवा. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नका. त्यातील कागद भाजणारा रोलर तापताना एकदम काही शे वॅट वीज ओढतो आणि ६०० व्हीएचा यूपीएस, जो साधारण ३६० वॅटच देतो, त्याच क्षणी सगळ्यांसकट बंद पडतो. तुमचा संगणक प्रिंट देतानाच बंद पडत असेल तर हे जरूर तपासा.

अंगठ्याच्या यंत्राबद्दल तुम्ही विचारले नाही, पण खरिपात ते लागणारच. त्याची वायर कॅबिनेटच्या पुढच्या नव्हे तर मागच्या यूएसबी पोर्टला थेट लावा. पुढचे पोर्ट आत लांब वायरीने जोडलेले आणि बहुधा सैल झालेले असतात. यंत्राच्या काचेवर दारातून थेट ऊन पडू देऊ नका. शेतमजुरांची बोटे कोरडी आणि झिजलेली असतात. ओल्या फडक्याला बोट हलके पुसून घेतले तर ठसा पुष्कळदा पहिल्या प्रयत्नात उमटतो.

प्रोसेसरचे नाव, रॅमच्या पट्टीवरचा मजकूर, एसएमपीएसच्या तक्त्यातील १२ व्होल्टचे अँपिअर आणि यूपीएसची पिन काढल्यावर काय झाले, एवढ्या चार गोष्टी लिहून कळवा. त्यावरून कोणती रॅम आणि कोणता एसएमपीएस घ्यायचा, किंवा काहीच न घेता नुसत्या सफाईवर भागेल का, हे मला नेमके सांगता येईल. तोपर्यंत अर्थिंगचे काम मात्र थांबवू नका, आणि ते होईपर्यंत अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावू नका.